फिरतीवरचा फोन

अंबाजोगाईत मी गेली तेरा वर्षं एकच काम करते : फिरतीवर असलेल्या माणसांच्या हातातली यंत्रं चालू ठेवायचं. सुरुवात एका मीटर रीडिंगच्या ठेकेदाराकडं झाली. तेव्हा पोरांच्या हातात कीपॅडचं जाडजूड यंत्र असायचं आणि संध्याकाळी ते केबलनं कॉम्प्युटरला जोडून दिवसभराची रीडिंगं उतरवून घ्यावी लागायची. आता त्या जागी साधा अँड्रॉइड फोन आला, तरी संध्याकाळी सातनंतर माझा फोन वाजायचा काही थांबला नाही. यावेळच्या पत्रांत अंगणवाडी सेविका आहेत, मीटर वाचणारा आहे, गावात बँकेचे व्यवहार करून देणारा बँक मित्र आहे, पीक पाहणीचा सहाय्यक आहे. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. प्रत्येकाच्या पोटाचा प्रश्न आहे.

प्रश्न : मी केज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. फोनवर ‘मेमरी भरली’ असं सारखं यायलं होतं, ॲप उघडलं की बंद पडायचं. गावातल्या मोबाईलच्या दुकानातल्या मुलानं सेटिंगमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ केलं. ॲप चांगलं चालायलंय, पण तीन दिवसांच्या गृहभेटी आणि एकोणतीस लेकरांची वजनं गेली. ती परत आणता येतील का? पर्यवेक्षिका म्हणतात, तुम्हीच नीट भरलं नसेल.

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते. त्या नोंदी सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चढल्या नसतील तर त्या गेल्या. ‘आणून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मात्र पुन्हा लॉगिन करून एकेका लेकराचं नाव उघडून बघा. मधे कधी पाच मिनिटं रेंज आली असेल तर काही वजनं तेवढ्यात चढलेली असतात. उरलेली तुमच्या कागदी वहीतून भरा. वही ठेवली असेल अशी मला खात्री आहे, कारण सेविका वही सोडत नाहीत. फोन आल्यावर ‘आता वही कशाला’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आता झालं काय ते. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर गेलं की दोन बटणं जवळजवळ असतात : ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’. काही फोनांत दुसऱ्याला ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणतात. कॅशे म्हणजे स्वयंपाकाला हाताशी म्हणून ओट्यावर काढून ठेवलेलं तिखटमीठ. ते आवरलं तरी डब्यातून पुन्हा काढता येतं. डेटा म्हणजे डबाच. त्या मुलानं ओटा आवरायच्या ऐवजी डबा रिकामा केला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या दुकानात येणाऱ्या बाकीच्या फोनांत फोटो, गाणी, गेम असतात, तिथं हा उपाय चालून जातो. तुमच्या फोनात तीन दिवसांची पायपीट होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, रेणापूरकडच्या एका मीटर वाचणाऱ्या मुलाचा फोन आला. ॲप अडकलंय म्हणाला. मी टेबलावर बसून सांगितलं, ‘काढून टाक आणि परत टाक.’ त्यानं तसं केलं. दोनशेबारा रीडिंगं गेली. दोन दिवस तो तीच घरं पुन्हा फिरला, त्या उन्हात. मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच मला आजवर जड जातं. तेव्हापासून कुणाचाही फोन आला की ‘काय बिघडलंय’ हे मी नंतर विचारते. पहिला प्रश्न हा : आज केलेलं काम कुठं आहे, फोनात की वर, सर्व्हरवर?

तुम्हीही हाच क्रम ठेवा. ॲपमध्ये ‘बाकी’, ‘पेंडिंग’ किंवा ‘सिंक’ असा आकडा कुठं दिसतो ते शोधून ठेवा. तो शून्य होईपर्यंत फोन कुणाच्याही हातात द्यायचा नाही, माझ्याही नाही. शून्य होत नसेल तर एकेक नोंद उघडून तिचा स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवा. मग बिनधास्त कॅशे साफ करा. मेमरी भरते ती बहुतेक व्हॉट्सॲपनं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ आहे, तिथं ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये मोठे व्हिडिओ वरच दिसतात. ते काढा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचे बंद करा. दोन-तीन जीबी जागा कायम मोकळी हवी.

पर्यवेक्षिकांना हे पान दाखवा. नोंद भरलेली होती आणि ती पुसली गेली. न भरणं आणि पुसली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : परळी भागात मीटर रीडिंग करतो. एप्रिल-मेमध्ये अकरा वाजले की फोन तापून कॅमेरा बंद पडायलाय. मीटरचा फोटो धूसर गेला की ते रीडिंग नापास होतं अन् पैसे कापले जातात. नवा फोन घ्यायची ऐपत नाही.

उत्तर : दादा, नवा फोन घेतला तरी हेच होईल, म्हणून पैसे वाचवा. बहुतेक फोन बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. आपल्याकडं मेमध्ये सावलीतच ४२ असतं, आणि गाडीच्या टाकीवरच्या काळ्या पाउचमध्ये तर विचारू नका. त्यात तुम्ही उन्हात दिसावं म्हणून स्क्रीन पूर्ण उजळ ठेवता, लोकेशन चालू, कॅमेरा चालू, आणि रेंज कमी असल्यानं फोन टॉवर शोधत जास्त जोर लावतो. बाहेरच्या उन्हात ही आतली उष्णता भर घालते. तापलेला फोन कॅमेरा बंद करतो तो स्वतःला वाचवायला.

सगळ्यात जास्त फरक चार्जिंग बदलल्यानं पडतो. गाडी चालवताना पॉवर बँक लावून फोन पाउचमध्ये ठेवायची सवय सोडा. लिथियम बॅटरी चार्ज होताना तापते, वरून ऊन तापवतं, आणि साधारण ४५ अंशांपुढं गेली की कितीतरी फोन चार्जिंगच थांबवतात. रात्री फोन पूर्ण भरून निघा आणि पॉवर बँक दुपारच्या विसाव्याला, झाडाखाली लावा. फोन पाउचमधून काढून सुती पिशवीत, अंगापासून दूर ठेवा. तापला तर सावलीत कोरड्या फरशीवर किंवा वाऱ्यावर ठेवा. फ्रीजमध्ये, माठाजवळ किंवा ओल्या फडक्यात नको. गरम फोन एकदम थंड झाला की आत दव धरतं, आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून आलेलं धुकं पुसता येत नाही.

धूसर फोटोचं आणखी एक कारण कुणी सांगत नाही. फोन मोटारसायकलच्या हँडलवर होल्डरला लावता का? इंजिनाची थरथर कॅमेऱ्याच्या आतल्या फोकसच्या बारीक यंत्रणेला लागते. ॲपलनं २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना याबद्दल जाहीर सूचना दिली होती. फोटो स्थिर करणारी यंत्रणा ज्या फोनात आहे त्या सगळ्यांनाच हा धोका आहे. होल्डर काढा. फोटोआधी काच सुती कपड्यानं पुसा, मीटरवर ऊन पडत असेल तर टोपीची सावली धरा.

पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेनं उचललेली वाटली, तर तो फोन त्याच दिवशी बंद करा. ती बॅटरी फुगलीय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका.

आणि ठेकेदारांना माझी विनंती आहे : एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते अकरा असा वेळ द्या. यंत्र तापतं ते ऑफिसला दिसतं, माणूसही तापतो हे दिसत नाही.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात बँक मित्र म्हणून काम करतो. बोटाच्या ठशाचं यंत्र फोनला जोडलं की थोड्या वेळानं आपोआप बंद पडतं. शिवाय निराधारच्या पैशासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या बायांचे ठसे लागतच नाहीत. लोक माझ्यावर संशय घ्यायलेत.

उत्तर : यंत्र बंद पडतं त्याचं कारण बहुधा ओटीजी आहे, म्हणजे फोनला केबलनं दुसरं यंत्र जोडून चालवायची सोय. काही कंपन्यांच्या फोनांत ओटीजीची वेगळी सेटिंग असते आणि दहा मिनिटं काही काम झालं नाही की ती स्वतःहून बंद होते. दोन गिऱ्हाइकांच्या मधे तुम्ही वही लिहिता, चहा घेता, तेवढ्यात ती बंद. सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी ‘ओटीजी’ लिहा आणि ते बटण पहिल्या पडद्यावर ओढून ठेवा. एवढं करूनही यंत्र ओळखलं जात नसेल तर त्या यंत्राच्या कंपनीचं आरडी सर्व्हिस नावाचं ॲप जुनं झालंय का आणि यंत्राची मुदत संपलीय का ते बघा. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर आहे का हेही बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला की कधीकधी तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की कुठलाही बँकेचा सर्व्हर दार उघडत नाही. असा निम्मा दिवस वाया गेलेला मी पाहिलाय.

आता म्हाताऱ्या माणसांचे ठसे. आयुष्यभर ऊस तोडला, कापूस वेचला, राखेनं भांडी घासली, त्या बोटांवर रेषा उरत नाहीत. त्यांना ‘नीट दाबा’ म्हणून ओरडू नका, त्या नीटच दाबतात. अंगठ्याचा हट्ट सोडा. मधलं किंवा अनामिका सहसा कमी झिजलेलं असतं. हात साध्या पाण्यानं धुऊन कोरडा करायचा आणि बोट नुसतं ओलसर ठेवायचं. तेल लावायचं नाही, तेलानं पुढच्या दहा माणसांसाठी काच खराब होते. काच दर तासाला मऊ कोरड्या कापडानं पुसा. आणि टेबल दारातून आत घ्या. सरळ ऊन काचेवर पडलं की आतल्या प्रकाशावर चालणारं यंत्र आंधळं होतं. दोन-तीनदा लागलं नाही तर थांबा आणि तुमच्या बँकेनं दिलेली दुसरी सोय वापरा. चेहरा असेल, ओटीपी असेल, नाहीतर शाखेत पाठवायची चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि कारण लिहा. ती बाई दहा किलोमीटरवरून आलेली असते, तिला शाखेत कुणीतरी ‘का आलात’ विचारणारच.

संशयाबद्दल. मधेच रेंज गेली, स्क्रीनवर ‘फेल’ आलं आणि तिकडं खात्यातून पैसे कापले गेले, असं होतं. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा ठसा घ्यायचा नाही. आधी शिल्लक किंवा मिनी स्टेटमेंट बघायचं. पैसे कापले गेले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, आणि उशीर झाला तर रोजचे १०० रुपये खातेदाराला मिळायला हवेत. हा नियम मोठ्या अक्षरांत छापून टेबलाच्या मागं लावा, आणि फेल झालेल्या व्यवहाराचीही पावती द्या. थर्मल कागदाची अक्षरं उन्हानं उडतात म्हणून त्यावरचा नंबर तिच्या पासबुकावर पेनानं लिहून द्या. तो नंबर तिच्या हातात असला की तक्रार पुढं सरकते.

प्रश्न : पाटोदा भागात पीक पाहणीला सहाय्यक आहे. डोंगरातल्या गटांवर, म्हणजे शेतांवर, रेंज नसते. फोन मला शेजाऱ्याच्या गटात दाखवतो, ॲप फोटो घेत नाही. शेतकरी म्हणतो, मी तर माझ्याच सोयाबीनमध्ये उभा आहे.

उत्तर : शेतकरी खरं बोलतोय. लोकेशनला रेंज लागतच नाही, ते वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतं. फक्त कुठला उपग्रह कुठं आहे याची यादी फोन इंटरनेटवरून पटकन उतरवून घेतो. इंटरनेट नसलं की तीच यादी त्याला आकाशातून हळूहळू घ्यावी लागते. कधी अर्धा मिनिट, कधी कितीतरी मिनिटं. तुम्ही बांधावर जाऊन लगेच ॲप उघडता, फोन घाईत जुन्या टॉवरवरून अंदाज देतो, आणि तो अंदाज शेजारच्या गटात पडतो.

म्हणून सकाळी रेंज असलेल्या ठिकाणी, फाट्यावर किंवा एसटी स्टँडवर, नकाशा उघडा, निळा ठिपका स्थिर होऊ द्या, आणि लोकेशन बंद न करता पुढं निघा. गटावर गेल्यावर बाभळीखाली किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली उभं राहू नका. ढगांनी फारसं बिघडत नाही, पत्र्यानं, दाट झाडानं आणि उभ्या कड्यानं बिघडतं. मोकळ्यात दोन मिनिटं फोन हातात आडवा धरून थांबा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. अँड्रॉइड १२ पासून परवानगी विचारताना ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ अशा दोन गोष्टी येतात. गडबडीत ‘अंदाजे’वर बोट पडलं असेल तर कितीही थांबलात तरी शेत सापडणार नाही. ती परवानगी आधी तपासा, माझ्याकडं आलेल्या अशा तक्रारींत बऱ्याचदा तेच निघालंय.

ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली, तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही : मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम चढवायला बसतात. फोटो दिवसा घ्या, चढवायचं काम पहाटे पाचला करा. आणि चढेपर्यंत ॲप अपडेट करू नका, काढून टाकू नका. केजच्या ताईंना लिहिलेलं तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : देगलूर तालुक्यात एका संस्थेच्या आरोग्य सर्वेक्षणाचं काम बघतो. साठ कार्यकर्त्या, साठ फोन, आणि दुरुस्तीला मी एकटा. दिवसभर फोन वाजतो. कुणी म्हणतं नेट नाही, कुणी म्हणतं ॲप नाही. सहा फोन तर ‘जुन्या मालकाचं अकाउंट टाका’ म्हणून बंदच पडलेत. कुठून सुरुवात करू?

उत्तर : वहीपासून. साठ फोनांना एक ते साठ आकडे द्या आणि प्रत्येकाच्या पाठीवर पक्क्या मार्करनं लिहून वर पारदर्शक टेप लावा. वहीत त्या आकड्यासमोर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर), सिमचा नंबर, गूगल अकाउंट, कुणाकडं आहे, कधी दिला, चार्जर कुठला. आयएमईआय बघायला स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करायचं. ही वही महिनाभर प्रामाणिकपणे ठेवली की तुम्हाला दिवसभर येणारे निम्मे कॉल कमी होतील असं मी छातीठोकपणे सांगते, कारण ‘कुठला फोन?’ या प्रश्नातच अर्धा वेळ जातो.

ते सहा फोन. आधीच्या कार्यकर्तीनं स्वतःचं गूगल अकाउंट टाकलं, ती काम सोडून गेली, कुणीतरी बटणं दाबून फोन रिसेट केला. अशा वेळी चोरी झाली असं समजून फोन जुनं अकाउंट मागतो. सोय चोरापासून वाचवायला केलेली आहे, ती मोडायच्या नादी लागू नका. त्या कार्यकर्त्यांना फोन करा, नम्रपणे बोला. बहुतेक जणी पासवर्ड सांगत नाहीत, आणि बरोबरच करतात. त्यांच्या घरी किंवा गावच्या शाळेत भेटा, त्यांच्या हातानं टाकून घ्या. अकाउंट उघडलं की तिथंच सेटिंगमधून ते काढून टाका आणि मग फोन पुसा. इथून पुढं प्रत्येक फोनवर संस्थेचंच अकाउंट, आणि काम सोडताना फोन परत घेण्याच्या कागदावर ‘अकाउंट काढलं’ अशी ओळ.

साठ फोन हातानं तयार करत बसू नका. फोन दुरून सांभाळायच्या ज्या सेवा आहेत त्यांतली एक घ्या. कोऱ्या फोनच्या पहिल्या ‘स्वागत’ पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टकटक केलं की क्यूआर वाचायचा कॅमेरा उघडतो. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे. क्यूआर दाखवला की ॲप, सेटिंग, कुलूप सगळं स्वतः येतं. हरवलेला फोनही तिथूनच बंद करता येतो. मात्र एक सांभाळा. फोन एकाच ॲपवर इतका घट्ट बांधू नका की बाईला अडचणीत फोन लावता येत नाही, अंधारात टॉर्च लावता येत नाही. एकटी बाई वाडी-तांड्यावर फिरते. टॉर्च आणि फोन तिचे आहेत असं धरा.

अपडेट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कधीच सोडू नका. आधी तीन फोनांवर टाका, आणि त्यातला एक सगळ्यात जुना, सगळ्यात कमी मेमरीचा असू द्या. तुमच्या टेबलावरच्या नव्या फोनवर चाललं म्हणजे मरखेलच्या बाईंच्या फोनवर चालेल असं नाही. दोन दिवस शांत गेले की बाकीच्यांना सोडा.

चार-पाच फोन तयार, चार्ज करून, ॲप टाकून कपाटात ठेवा. बिघडलेला फोन दुरून अर्धा तास दुरुस्त करायचा हट्ट मीही पूर्वी करायचे. आता नाही. पहिला प्रश्न, काम फोनात की वर. वर असेल तर त्या दिवशी जी जीप किंवा एसटी जाते तिच्यातून दुसरा फोन पाठवते, बिघडलेला सावकाश बघते. बाईला तालुक्याला बोलावू नका, तिचा दिवस मोडतो. पण फोन बदलण्याआधी केबल बदलून बघा. ‘फोन मेला’ म्हणून आलेल्या फोनांत केबल तुटलेली किंवा चार्जिंगच्या भोकात कापसाची तुसं दाबून बसलेली, हे इतक्या वेळा निघालंय की मी पर्समध्ये लाकडी दातकोरणी ठेवते. फोन बंद करून, हलक्या हातानं. सुई नको.

राहिलं बोलणं. ‘नेट नाही’ या दोन शब्दांत पाच गोष्टी असतात : रिचार्ज संपला, टॉवर गेला, डेटाचं बटण बंद, विमानाचं चिन्ह चालू, किंवा सर्व्हरच बसला. म्हणून ‘एरर काय आलाय?’ असं विचारू नका. ‘बाई, स्क्रीनवर वरून खाली काय काय दिसतंय ते वाचून दाखवा’ असं म्हणा, आणि मधे तोडू नका. तुमच्याकडं मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड सगळं बोललं जातं. त्या त्या भागातल्या एकेका हुशार कार्यकर्तीला दोन दिवस शिकवा आणि तिला त्या कामाचे पैसे द्या. फुकट करून घेतलेली मदत तीन महिन्यांत आटते. तुमची स्वतःची वेळ ठरवा, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, आणि त्या वेळेत पहिल्या घंटेला उचला. दिवसभर अर्धवट उचलण्यापेक्षा बाया याच्यावर जास्त विसंबतात.

प्रश्न : कामाचा फोन बीडच्या बाजारात चोरीला गेला. काय करू?

उत्तर : आधी ऑफिसला कळवा, म्हणजे लॉगिन बंद होईल. पोलिसात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या, सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्या. मग केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय टाकून फोन देशभर ब्लॉक करा. ही सेवा २०२३ पासून सगळीकडं आहे, आणि फोन सापडला तर पुन्हा उघडताही येतो. आयएमईआय माहीत नसेल तर बिलावर किंवा डब्यावर छापलेला असतो. फोनात लाभार्थ्यांची माहिती होती, म्हणून लाजून दोन दिवस घालवू नका.

प्रश्न : ‘मुख्यालयातून बोलतो, ॲप दुरुस्त करतो, स्क्रीन शेअर करा’ असा फोन आला. खरा असेल का?

उत्तर : ठेवून द्या आणि तुमच्या ओळखीच्या माणसाला तुमच्याकडच्या नंबरवर लावून विचारा. तुम्ही मदत मागितलेली नसताना कुणी स्क्रीन मागत असेल तर देऊ नका. आणि मदत तुम्हीच मागितली असली तरी स्क्रीन दिसत असताना ओटीपीचा मेसेज उघडायचा नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : माझी आई सत्तावन्न वर्षांची, औसा तालुक्यात अंगणवाडी सेविका. तिला फोनची भीती वाटते. रोज रात्री ती वहीतून सांगते आणि मी भरते. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. तिला कसं शिकवू? सांगायला गेले की मीच चिडते.

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू चिडतेस कारण दिवस कमी आहेत, आणि आई घाबरते कारण तिच्या हातून काही पुसलं तर मानधन कापलं जाईल असं तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. तिची भीती अडाणीपणाची नाही. या पानावरचं पहिलंच पत्र वाच, ती भीती खरी ठरलेली आहे.

एक नियम पाळ : तिच्या हातातून फोन घ्यायचा नाही. तुझं बोट स्क्रीनला लागायचं नाही. तू शेजारी बस, हात पाठीमागं बांध, आणि तोंडानं सांग. पहिले चार दिवस दहा मिनिटांच्या कामाला तास लागेल, लागू दे. अक्षर मोठं कर, ॲपमध्ये भाषेची सोय असेल तर ती मराठी कर, कीबोर्डवरच्या माइकवर बोलून नावं कशी येतात ते दाखव. स्क्रीन पटकन बंद होते म्हणून ती घाईत चुकते, ती वेळ वाढवून पाच मिनिटं कर.

रोज एकच काम. पहिले दोन दिवस फक्त हजेरी. मग वजन. मग गृहभेट. प्रत्येक काम तिनं तिच्या शब्दांत वहीत लिहायचं, ‘हिरव्या चौकोनावर बोट, मग खाली बाण’ असं. तुझे शब्द तिला रात्री आठवणार नाहीत, तिचे आठवतील. एखादी खोटी नोंद भरून ती पुसायची भीती घालवावी असं वाटेल, पण खऱ्या ॲपमध्ये तसं करू नकोस. तिच्या फोनातल्या कॅलेंडरमध्ये किंवा नोट्समध्ये हवं तेवढं लिहू-पुसू दे.

आणि ‘बाकी’ आकडा शून्य झालाय का, हे बघायला तिला सगळ्यात आधी शिकव, हजेरीच्याही आधी. लग्नानंतर रात्री साडेसातला तिला फोन कर, जेवलीस का विचार, आणि आज आकडा किती ते विचार. शून्य नसेल तर तिनं वहीतलं वाचायचं आणि स्वतःच्या बोटानं करायचं, तू फोनवर गप्प राहून ऐकायचं.